मागच्या सीटवर मिरचीची पोती होती

भूत-प्रेत, आत्मा-बित्मा सांगणाऱ्याले मी तोंडावर येडा म्हणत आलो. उमरेडच्या कोळसा खाणीवर सारी जिंदगी ट्रक चालवला, कुठं कुठं गाडी लावून झोपलो, कधी काही दिसलं नाही. या ग्रुपवरचे तुमचे भुताचे अनुभव सुनबाई मोबाईलवर वाचून दाखवते तेव्हाही मी हसतो. आता स्वतःचा सांगून राहिलो... तर तुम्ही हसा. सातवी शिकलो आहे, चुका असतील त्या सांभाळून घ्या.

रिटायर झालो न शहरात, मनीषनगरात, पोराजवळ राहायले आलो. तेव्हा एक पांढरी सेकंडहॅण्ड कार घेतली. दुसऱ्याचा ट्रक चालवणं अलग आणि आपल्या गाडीत बायकोले बाजूले बसवणं अलग. कुसुम — माझी बायको — पहिल्या दिवशी त्या सीटवर अशी बसली जशी काही कलेक्टरीणबाई.

पोरानं तिले मोबाईल घेऊन दिला. शाळेत कधी गेली नाही, पण फोटो काढणं एका दुपारात शिकली. मोबाईलले पिवळ्या लोकरीचं कव्हर विणलं. मग काय... गाडी निघाली का फोटो. भाजी आणायले निघालो — फोटो. दवाखान्यात निघालो — फोटो. चाकात हवा भरून राहिलो — तरी फोटो. सिग्नलवरची म्हैस, काचेवरचा वायपर, स्टिअरिंगवरचा माझा हात.

मी म्हणायचो, "काय वं, भाजीबाजाराचे काय फोटो काढून राहिली? लग्न आहे काय कोणाचं?"

"लग्नाचे फोटो सारेच काढतात जी. भाजी आणायले गेलो ते कोण काढून ठेवते? तुम्ही रोडकडे पाहा."

खरं बोलली ती. आज ते फोटो पाहतो तर सारं आठवते. या दिवशी गोबीवरून भाजीवाल्याशी भांडली होती, या दिवशी बीपी नॉर्मल आलं म्हणून आम्ही तर्री-पोहे खाल्ले होते. लोकांजवळ चार समारंभांचे अल्बम असतात. माझ्याजवळ रोजची जिंदगी आहे, अन् ती माझ्या बायकोनं जमा केली. मले याचा लय गर्व आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. छातीत दुखलं, मीच गाडी काढली, पण दवाखाना येईपर्यंत संपलं होतं. त्या एका फेरीचा फोटो नाही.

तेरवीले भिंतीवर लावायले फोटो पाहिजे. तेव्हा समजलं — एवढ्या हजारो फोटोंत ती कुठंच नाही! काढणारी तीच न. मी आहे, म्हैस आहे, ती नाही. माझा मोबाईल बटनवाला, त्यात कॅमेराच नाही. लग्नाच्या फोटोत पदर नाकापर्यंत. पोराच्या मोबाईलमध्ये पाहिलं तर जिथं-तिथं तोंडापुढं हात. पोरगा म्हणे, आधार कार्डावरचा मोठा करून घेऊ.

"त्यात ती पाकीटमार दिसते," मी म्हटलं. "तो लावला तर मी भिंत पाडीन."

बोललो खरा, पण मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. लोक येतील, त्या कार्डावरच्या बाईले हात जोडतील. माझी कुसुम कशी होती हे कोणाले दिसणारच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनबाई कुसुमचा मोबाईल घेऊन पुन्हा एक-एक फोटो पाहून राहिली होती. एकदम ओरडली, "बाबा, इकडे या!"

फोटो गाडीतलाच. पण मागच्या सीटवरून काढलेला. मी स्टिअरिंगवर, बाजूले कुसुम, माझ्याकडे मान वळवून हसून राहिली. पुरा चेहरा, सारे दात, नाक लालभडक. अन् तिच्या हातात पिवळ्या कव्हरचा मोबाईल.

तो दिवस मले पक्का माहीत आहे. आमची पोरगी उमरेडले दिली आहे. तिच्याकडून भिवापुरी मिरची घेऊन आम्ही परत येऊन राहिलो होतो. पाचगावच्या पुढे दोघंही शिंकून बेजार. मी म्हटलं, "जिंदगीभर कोळसा वाहून मेलो नाही वं, तुह्या पोरीच्या मिरचीनं मारलं मले." त्यावर ती हसली. हे तेच हसणं आहे.

पण गाडीत आम्ही दोघंच होतो. मागं छतापर्यंत मिरचीची पोती — माणूस सोडा, मांजर बसलं नसतं. फोटोत खाली पोत्याचा सुतळीनं शिवलेला काठही दिसते. आणि जो मोबाईल तिच्या हातात आहे, त्याच मोबाईलमध्ये हा फोटो निघाला!

पोरगा म्हणे, "बाबा, आजकाल एआयनं काहीही बनते. कोणाकडून बनवून आणला काय?"

"मले टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, मी काय बनवतो बे?"

फोटो स्टुडिओवाल्यानं मोबाईल घेऊन काय-काय उघडून पाहिलं. "काका, याच मोबाईलनं निघाला आहे. मागं कोण बसलं होतं?"

"मिरची," मी म्हटलं. तो हसला... मग माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा मोबाईल उघडून पाहायले लागला.

तेरवीच्या दिवशी भलताच गोंधळ. माझी साळी हार घेऊन उभी. "भाऊजी, यात तर तुम्हीही आहात! जित्या माणसाच्या फोटोले हार घालते काय कोणी? तुम्हाले कापून टाका."

पोरगाही म्हणे, "बाबा, क्रॉप करून आणतो, दहा मिनिटं लागतात."

"मले कापलं तर ती कोणाकडे पाहून हसून राहिली? हवेकडे? हार नाही घातला तरी चालते. फोटो पुरा लागन."

साळी रुसली, दोन पुऱ्या खाऊन निघून गेली. जाऊ दे. फोटो पुरा लागला. पंगतीतून उठलेला एक-एक माणूस हात धुवून आधी भिंतीपाशी येऊन राहिला होता. आधार कार्डासमोर असं कोणी थांबलं नसतं. पोराले सांगून ठेवलं आहे — मी गेलो का दोघांवर मिळून एकच हार घाल. तोवर असाच राहू दे.

येणारा प्रत्येक जण विचारतो, काढला कोणी? मी काय सांगू? पोती होती म्हणतो. मोबाईल तिच्याच हातात होता म्हणतो. त्याच्यापुढं मले काही माहीत नाही, अन् माहीत असल्यासारखं मी बोलणारही नाही. पण ज्यानं कोणी काढला, त्याले फोटो काढता येते. माझी बायको जशी होती, तशीच आली आहे.