मैंदर्गीच्या सभेचं रेकॉर्डिंग

बसवराज सर आज सकाळी गेले, आणि मी अजूनही घाबरलेलोच आहे.

ते आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची भाषणं हा त्यांचा अभ्यास. निवडणुकीत माणूस एका राज्यात काय बोलला आणि दुसऱ्या राज्यात काय, हे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहायचे.

स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो. सोलापुरात बसून वॉशिंग्टनची उठाठेव!

मग एका निवडणुकीत सरांनी तीच पद्धत इथल्या उमेदवाराला लावली, आणि तेव्हा तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या मला सोबत घेतलं.

उमेदवार आमच्याच संस्थेचे पदाधिकारी. सोलापूरच्या सभेत ते मराठीत म्हणाले, धरणाचं पाणी आधी शहराला.

कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीत ते कन्नडमध्ये बोलणार होते. त्या सभेदिवशी सर तापाने झोपून होते, म्हणून मी एकटा गेलो. मी सांगोल्याचा, कन्नडचं अक्षर कळत नाही. भाषण फोनवर रेकॉर्ड करून आणलं.

सरांच्या घरी कन्नडच चालतं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि समोरच्या पानावर लिहिलं : धरणाचं पाणी आधी तुमच्या शेताला.

रिसर्च पेपर तयार झाला. नावं दोन, सरांचं आणि माझं. छापायच्या आधीच कुणीतरी तो वर पोचवला.

आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझी कायम नेमणुकीची फाइल होती, सहीसाठी उघडलेली. संस्थेच्या सचिवांनी ती जरा बाजूला सरकवली आणि मला विचारलं, मैंदर्गीला कोण गेलं होतं?

मी फाइलकडे बघितलं.

"मीच गेलतो की," सर म्हणाले. "ह्याला कन्नड येत न्हाय. हा तितं जाऊन काय ऐकणार?"

सचिव माझ्याकडे बघत राहिले.

मी मान डोलावली.

फाइलवर सही झाली. सरांनी माझं नाव काढून पेपर एकट्याच्या नावावर छापला. त्यांना पुन्हा वर्ग मिळाला नाही. निवृत्तीपर्यंत परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते, आणि मी त्या मजल्यावर जायचं टाळत होतो. लाज वाटते लिहायला.

एकदा जिन्यात समोरासमोर आलो. मी माफी मागायला गेलो तर मध्येच थांबवून म्हणाले, "कायम झालास न्हवं? मग शिकव की नीट."

आज दुपारी शोकसभा झाली. तेच पदाधिकारी सरांच्या अभ्यासाबद्दल दहा मिनिटं बोलले. मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो.

संस्थेतले सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. सचिवही आहेत. म्हणूनच इथे लिहितोय.

मैंदर्गीला मी गेलो होतो.

सर, हे सांगितल्याशिवाय श्रद्धांजली लिहायचा मला हक्क नव्हता. आता लिहितो. भावपूर्ण श्रद्धांजली.