एप्रिलात बंद ठेवलेला कूलर

आधी शांताकाकूंचं नाव लिहितो, आजाराचं मग. पुसदमध्ये मी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतो. गाव माझं चंदगडकडं, पार कर्नाटकाच्या हद्दीला. शाळा आठवीत सुटली. इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

"लिव्हर सुजलेलं वाटतंय. रक्त बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. लिव्हर म्हणजे यकृत. बाहेर बकऱ्या आणि एक म्हैस नंबर लावून उभी होती, आणि माझ्या हातात रुमालात गुंडाळलेला बाळ्या. कॉकटील जातीचा पोपट, अंगानं करडा, डोक्यावर पिवळा तुरा. मी कामावरून आलो की तो "आलास व्हय?" म्हणायचा. मीच शिकवलेलं. या मुलखात आमच्या गावाकडचं बोलणारा तेवढा एकच. गेले काही दिवस तो बोलायचा बंद झाला होता. दाणे नुसते उकरायचा आणि डोळे मिटून बसायचा.

मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं. थेंबभरच, पण एवढ्याशा जिवाला तेही जड. डॉक्टरांनी बजावलं, की हिमॅटोमा होतोय का बघा. हिमॅटोमा म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं. मानेला निळी गाठ दिसली तर लगेच आणा, नाहीतर उगाच हाताळू नका. रक्त नागपूरला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत वाट बघायची.

माझ्या खोलीचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. म्हणून काकूंनी पिंजरा त्यांच्या मधल्या खोलीत घेतला आणि सगळ्यात मानाची जागा दिली, कूलरच्या पुढची. इकडं पाहुण्याला तिथंच बसवतात. बाळ्या पिसं फुलवून गोळा होऊन बसला. मला वाटलं, आराम पडला. संध्याकाळी तो बसल्या जागी थरथरायला लागला तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला.

ते म्हणाले, "पक्षी फुगून बसतो तो थंडीनं. आजारी पक्ष्याला ऊब लागते. बल्बबिल्ब काही नको, आपला एप्रिल पुरेसा आहे. आधी तो कूलर बंद करा."

तुमच्या घरी पोपट असेल तर एवढं ध्यानात ठेवा. पिसं फुलवलेला पक्षी गुबगुबीत दिसतो, पण तो गारठलेला असतो.

आता मी भाडेकरू, एप्रिलात मालकाला कूलर बंद करा कसं म्हणू? मी पिंजरा उचलायला लागलो. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी उठून बटण बंद केलं आणि काकांना गाद्या गच्चीवर टाकायला लावल्या.

काका जिना चढताना म्हणाले, "आता पोपट मालक अन् आपून किरायदार."

"गुमान चला," काकू म्हणाल्या.

रिपोर्टात फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतावर चरबी. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन होतं म्हणे. बिया बंद. औषध सुई काढलेल्या सिरिंजनं चोचीच्या कडेनं, थेंबाथेंबानं. बळं ओतलं तर श्वासात जातं. भिजवलेले मूग, मेथीचं पान, ज्वारी. तो काहीच तोंडात धरेना. मी कामावरून रजा मागणार होतो. काकू म्हणाल्या, "तू कामाले जाय. मी हाओ नं घरी."

दिवसभर काकू त्या बंद कूलरच्या खोलीत घामानं निथळत बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या, तोही पिंजऱ्याकडं पाठ करून. मी आलो की त्यांचं तोंड बघूनच समजायचं, आजही खाल्लं नाही. जेवायचं सुद्धा जिवावर यायचं. ट्रॉलीखाली झोपून वेल्डिंग करताना तेच डोक्यात, घरी गेल्यावर काय दिसेल.

एके संध्याकाळी काकू मेथीचं पान घेऊन आत आल्या. मी दारातच बूट काढत होतो. पिंजऱ्यातून खरखरीत आवाज आला, "आलास व्हय?"

मला नाही, काकूंना विचारलं त्यानं. काकू दमून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आली नं बाप्पा. खाय आता." त्यानं पान कुरतडलं.

हा आजार पुरता जात नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पथ्य जन्मभराचं. पण बाळ्या आहे.

उपकार कसे फेडू, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उपकार कायचे? मले कधी बरं नसलं तं येजो."

येईन, काकू. कामानं कुठल्याही मुलखात असलो तरी येईन, उशाशी बसेन. आणि तुमच्यासाठी कूलर चालू ठेवीन.