दमानं घेणारी बिस्मिल्ला

मंद्रूपच्या बाजारात बिस्मिल्लाकडून बांगड्या भरून घेताना काच टोचली, असं कुणी बाई म्हणणार नाही. हात कितीही राठ असो, ती तो चेपत राहते, घरच्या चार गोष्टी विचारते, आणि बांगडी मनगटात कधी गेली ते कळतही नाही. "हात ढिला सोड गं. घाई केली की काच ऐकत न्हाय." एखादी फुटलीच तर ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. बाजारात हे सगळं बरोबरच आहे. तिचं चुकलं एवढंच, की सरकारी दवाखान्यातही तिनं तेच चालवलं.

नात जोया जन्मापासून बहिरी. बाप आवेज ट्रकवर, आईच्या कडेवर दुसरं तान्हं, म्हणून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात खेटे घालायचे ते आजीनं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ऑपरेशन करून कानात यंत्र बसवू. योजनेतून होईल. पोरगी ऐकेल, बोलेल. पण पाच वर्षांची व्हायच्या आत."

जोया तेव्हा तीन वर्षांची होती. "मग लई वेळ हाय की," बिस्मिल्ला खुशीत म्हणाली.

सरकारी काम, सहा महिने थांब, हे उगाच म्हणत नाहीत. आधी तपासणीचं मशीन बंद. ते सुरू झालं तर डॉक्टरांची बदली. नवे डॉक्टर येईतो जुना रिपोर्ट शिळा झाला, पुन्हा काढा म्हणे. फाईल मंजुरीला पुण्याला गेली आणि एक शिक्का राहिला म्हणून परत आली. शिक्का मारणारे साहेब रजेवर. अहो साहेब, पोरीचं वयही तुमच्याबरोबर रजेवर जातं का, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. बिस्मिल्लानं विचारलं नाही. योजनेच्या टेबलावरच्या कारकून सावित्रम्माबाई म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात या, मावशी." ही म्हणायची, "व्हय की, तुमच्या सवडीनं होऊ द्या." आणि एसटी धरायची.

बाकावर मोडनिंबची मुक्ताबाई भेटायची. तिचा नातूही असाच बहिरा. एक दिवस मुक्ताबाईनं साहेबांच्या दारातच फतकल मारली. "सही झाल्याबिगर उठत न्हाय मी!" आरडाओरडा ऐकून अख्खा दवाखाना गोळा झाला. बिस्मिल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुक्ताबाईला दंडाला धरून उठवायला गेली. "दमानं घे बाई. ती बी माणसंच हायत."

मुक्ताबाईनं हात झिडकारला. तिच्या फाईलवर सही त्याच दिवशी झाली.

परवा सावित्रम्माबाईंचा फोन आला, मंजुरी आली म्हणून. बिस्मिल्लानं पेटीतला सगळ्यात चांगला हिरवा चुडा कागदात बांधून घेतला, बाईंच्या हातात भरायला. दवाखान्यात बाईंनी जोयाचा जन्माचा दाखला पाहिला, परत पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, हिला मागच्याच महिन्यात पाच पूर्ण झाली. आता बसत नाही ही योजनेत."

"उशीर तुमीच केला की ओ."

"माझ्या हातात काय आहे? वर अर्ज करून बघा."

"किती दिस लागतील?"

सावित्रम्माबाईंनी दाखला तिच्यापुढं सरकवला.

मागं खिडकीशी जोया कबुतरं बघत उभी होती. शेजारी मुक्ताबाईचा नातू होता, कानामागं यंत्र लावलेला, तपासणीला आलेला. तो बोबडं ओरडला, "आज्ये, ते बघ!" याच पोराच्या आजीला बिस्मिल्ला दंडाला धरून उठवत होती!

तिनं चुडा कागदासकट उचलला आणि फरशीवर आपटला.

"फुटला!" ती ओरडली. "वाढला न्हाय, फुटला!"

सावित्रम्माबाई दचकल्या. शिपाई धावत आला. खिडकीशी मुक्ताबाईचा नातू गर्रकन मागं वळला. तो वळला म्हणून मग जोयाही वळली.