अठरा घरांचे पासवर्ड

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्याला वाटतं, आपण विद्यार्थी घडवतोय. प्रत्यक्षात जमा होतात ते किस्से! मानवतला पंधरा वर्षं क्लास चालवतोय. सर्टिफिकेटं पोरं घेऊन गेली, किस्से माझ्याकडे राहिले. त्यातले बरेचसे एकाच वेबसाइटचे आहेत. सांगायला लागलो की लोक हसतात, मीही हसतो, पण शेवटाकडे माझाच आवाज बसतो. तरी सांगतो.

साइट आमच्या गावाची. मानवतपासून सात-आठ किलोमीटर. गावातली अठरा घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कोण कुठल्या कारखान्यावर आहे, मुकादमाचा नंबर काय, हे मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मी फुकटातली एक साधी साइट केली. प्रत्येक घराला एक पान. पानाखाली 'बदला' असं बटन. दाबा, लिहा, जतन करा. कुलूप नाही, कडी नाही. कुणीही यावं आणि कुणाचंही पान बदलावं!

*

दत्तराव आबा काही ऊसतोडीला जात नाहीत, पण हौस म्हणून त्यांनीही एक पान करून घेतलं. त्यावर लिहायला लावलं, 'आमच्याकडे दोन म्हशी आहेत.'

दुसऱ्या दिवशी पानावर मजकूर असा: 'एक म्हैस. दुसरी विकली.'

आबा तणतणत क्लासवर आले. "कोन केलं हे? मला त्याचं नाव पायजे!" नाव शोधायची गरजच पडली नाही, कारण त्यांचा शेजारी त्याच बसनं मागोमाग आला होता. म्हणाला, "म्या केलं. खोटं कशाला लिवायचं? साऱ्या गावाला ठाव हाय!"

आबांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग मला हळूच म्हणाले, "सर, म्हशीची वगार तरी पानावर ऱ्हाऊ द्या."

*

पुढे एक दिवस पाना-पानावर भलत्याच लिपीतला मजकूर दिसायला लागला. उघड्या साइटवर असला कचरा टाकणारे परदेशातले प्रोग्रॅम असतात, ते आपोआप फिरत असतात. पण आबांना वाटलं, कोर्टाचं काहीतरी असणार. त्यांनी प्रिंट काढली आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिली.

तिथल्या शिपायानं कागद उलटासुलटा केला, त्यावर 'आवक'चा शिक्का मारला आणि म्हणाला, "उत्तर आलं की कळवतो!"

आम्ही महिनाभर हसलो. पण त्याच कचऱ्यात ऊसतोडीला गेलेल्या पांडुरंगच्या पानावरचा मुकादमाचा नंबर पुसला गेला होता, आणि तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. त्याची सासू तापानं फणफणली होती आणि लेकीचा आवाज ऐकायला दोन दिवस नंबर शोधत होती. तेव्हा मी ठरवलं, कुलूप लावायचं. इथवर माझं काही चुकलं नाही, असं मी आजही म्हणतो.

*

मग ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बसवून पासवर्ड शिकवला. प्रत्येक पानाला वेगळा. मी म्हणालो, "पासवर्ड म्हणजे घराची किल्लीच समजा. तो कुणालाही कळता कामा नये."

आबा लगेच उठले. "मंग मलाबी सांगू नका सर. माझ्या पोटात काई ऱ्हात न्हाई!"

*

त्या वर्षी टोळ्या गेल्या. दीडेक महिन्यानं सहज पांडुरंगचं पान उघडलं. त्यावर लिहिलेलं होतं, 'पत्रा वाजत व्हता, वर दगड ठिवला. मांजर व्यायली, तीन पिल्लं. घर ठीक हाय.'

मी पांडुरंगला फोन लावला. "पान तू लिहिलंस का रे?"

"न्हाई सर, म्या ऊस तोडायलाय!"

फोन ठेवला. बाकीची पानं पाहिली. अठराही पानांवर असंच काहीबाही लिहिलेलं! कुठे वाळवी झाडली, कुठे कोनाड्यात मधमाश्या बसल्या, घर ठीक हाय. म्हटलं, साइट हॅक झाली. गाडी काढली आणि गाव गाठलं.

पांडुरंगच्या दारासमोरच राहणाऱ्या भागामावशी आपल्या ओट्यावर चष्मा लावून बसल्या होत्या आणि एका बोटानं मोबाइलवर टाइप करत होत्या. शेजारी पत्र्याचा डबा. डब्यात अठरा किल्ल्या, प्रत्येक किल्लीला वेगळ्या कापडाची चिंधी आणि चिंधीत बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पासवर्ड!

"मावशी, हे तुम्हाला कुणी दिलं?"

"ज्याचं त्यानं. किल्ली ठिवून गेले, संगं हेबी ठिवलं. तुमीच म्हनलाव न्हवं, किल्लीच समजा?"

भागामावशी एकट्या राहतात. नवरा वारल्यापासून गावातल्या बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असायच्या. आठवड्याला एकदा एकेक घर उघडायच्या, झाडायच्या, उंबऱ्यावर दिवा लावायच्या. इतक्या वर्षांत कुणाचा वाटी-चमचा गेल्याचं ऐकलं नाही. मी तिथंच हात जोडायला हवे होते. पण मी पडलो सर! अर्धा तास लेक्चर दिलं. "प्रश्न भरोशाचा नाही मावशी, सिक्युरिटीचा आहे."

मावशींनी शांतपणे विचारलं, "मंग त्ये काय येगळं असतंय?"

*

क्लासवर परत आलो आणि अठराच्या अठरा पासवर्ड बदलले. सगळ्यांना मेसेज पाठवला, 'सुरक्षेच्या कारणास्तव आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे. तो कोणालाही, शेजाऱ्यांनाही, देऊ नये.' मसुदा फार छान जमला म्हणून दोनदा वाचला.

तिसऱ्या दिवशी मावशी बसनं मानवतला आल्या. माझ्या टेबलावर डबा ठेवला. चिंध्या सोडलेल्या, नुसत्या उघड्या किल्ल्या. "ह्याबी तुमच्याकडंच असू द्या."

"अहो, किल्ल्यांचं मी कुठं काय म्हणालो?"

"एका कुलपापुरता मानूस खरा अन् दुसऱ्याला खोटा, असं कसं व्हईल सर?"

रागावल्या नव्हत्या. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

*

मेसेज उसाच्या फडात पोचला. पांडुरंगची बायको रुक्मिण हिचा फोन आला. "सर, खरं सांगा, आमच्या घरातलं काय गेलं?"

"काही नाही गेलं."

"मंग पासवर्ड कशापायी बदलले?"

मी दहा मिनिटं समजावलं. चोरी नाही, संशय नाही, ही जगभरातली पद्धत आहे, बँकासुद्धा असंच सांगतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "कळलं सर. तुमी नाव घिऊ नका. आमी समजलो!"

तिनं फोन ठेवला. पुन्हा फोन लावून सांगितलं, पण जितकं सांगावं तितकं ते खरं वाटायला लागलं. अठरा घरांत बातमी फिरली, ती अशी.

*

मग सगळेच मला विचारायला लागले, "सर, घर कसं हाय?" किल्ल्या माझ्याकडे होत्या, पण बॅच सोडून रोज गावी कोण जाणार? एका दुपारी मी बसल्या जागेवरून अठराही पानांवर चिकटवून टाकलं, 'घर ठीक आहे.'

दहा मिनिटांत पांडुरंगचा फोन. "सर, हे तुमी लिवलं का?"

"कशावरून?"

"मावशी आधी काय बिगाडलं त्ये सांगती, मंग ठीक म्हनती. नुसतंच ठीक म्हननाऱ्याचा भरोसा कसा धरावा?"

पासवर्ड पक्का होता. लिहिणारा अधिकृत होता. कुठं हॅक नाही, कुठं कचरा नाही. आणि मजकूर धडधडीत खोटा होता!

लाज वाटून त्याच दिवशी गावी गेलो. पांडुरंगच्या कुलपाला एकामागून एक अकरा किल्ल्या लावून पाहिल्या, बारावी लागली. आत चौकटीला वाळवी हातभर चढली होती. मावशी समोरच्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

*

टोळ्या परत आल्या. ज्यानं त्यानं किल्ली नेली, पेट्या उघडून पाहिल्या. कुणाचं काहीच गेलं नव्हतं, तरी कुणी तसं मोठ्यानं म्हणालं नाही. मी अठरा चिठ्ठ्या पुन्हा लिहून मावशींकडे गेलो.

"मावशी, चुकलं माझं. तुम्हीच लिहीत जा."

त्यांनी चिठ्ठ्यांना हात लावला नाही. "आता नको सर. आजपावतर कुनाचं काई हरवलं तर समदे मिळून हुडकायचे. आता हरवलं तर माझ्याकडं बघतेल."

*

यंदा दिवाळी झाल्यावर टोळी निघायच्या दिवशी फोन नंबर तपासायला मी गावी गेलो होतो. पाराजवळ ट्रॅक्टर उभा. रुक्मिणनं दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधायला लागली. पांडुरंग भांड्यांचं गाठोडं वर चढवत होता, त्यानं काही मान वळवली नाही.

भागामावशी दर वर्षीसारख्या ओटा उतरून आल्या. वाटेत खायला म्हणून फडक्यात बांधलेल्या भाकरी त्यांनी रुक्मिणच्या हातात दिल्या. आणि मग, बोलता बोलताच, त्यांनी उजवा हात पुढं केला. तळवा वर.

रुक्मिण त्या हाताकडे बघत राहिली. मावशीही स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी तोच हात वर उचलून हलवला. "जपून जावा गं," म्हणाल्या.