तेशिककाकांनी अंगणात खणलेला चर

भिंतीपलीकडचे तेशिककाका बहात्तराव्या वर्षी पहार घेऊन स्वतःचंच अंगण फोडायला लागले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. आमच्या जेजू बेटावर खणणं म्हणजे चेष्टा नाही. वीतभर काळी माती, की खाली लगेच दगड.

"काका, कसली खणाखणी ही?" मी भिंतीवरून विचारलं.

"युन्हेच्या गाडीसाठी. मीटरपासून फाटकापर्यंत केबल टाकतोय. घरीच चार्ज होईल तिची गाडी."

युन्हे त्यांची एकुलती मुलगी. डोंगरापलीकडे शहरात नर्स होती. वर्षातून दोन-तीनदा यायची आणि ओसरीवर टेकायची. काका वाकट्या मासळी आणि भोपळ्याचं कालवण करून ठेवत, ते अर्धं टाकून तासाभरात उठायची. "अप्पा, बॅटरी उतरलीय. शहरात जाऊन लावायला हवी."

माझा नवरा मुख्य भूमीवरचा, अलीकडेच लग्न करून इथे आलेला. तो हसला. "काका, ती गाडी एका चार्जमध्ये बेटाला दोन फेऱ्या मारेल!"

"माहितीय मला," काका म्हणाले. "आयुष्य विजेच्या खांबांवर गेलं माझं. एवढं कळत नाही होय?" आणि पुन्हा पहार मारली.

"मग एवढी मरमर कशाला? भिंतीवरूनच न्या की तार. एका दुपारचं काम."

काकांचा हात थांबला. मी नवऱ्याला दंडाला धरून घरात आणलं आणि तेव्हा कुठे सगळं सांगितलं.

काका लाइनमन होते. वादळ झालं की आजूबाजूची चार गावं त्यांची वाट बघायची. पण त्यांच्याच संत्र्याच्या बागेत फवारणीच्या पंपाची तार दगडी भिंतीवरून नुसती टाकलेली होती, मध्ये टेप गुंडाळलेला जोड. सुनोककाकू दर वेळी म्हणायच्या, "अहो, तेवढी तार जमिनीत घाला. मला भीती वाटते." काका म्हणायचे, "एवढा हंगाम उरकू दे." असे दोन हंगाम गेले. मग जुलैच्या एका सकाळी, पाऊस नुकता थांबलेला, काकूंनी ओल्या हातानं पंपाला हात लावला. न्याहारीला हाक मारायला गेली ती दहा वर्षांची युन्हे. तिची किंकाळी ऐकून मी भिंत ओलांडून धावले आणि मेन स्विच पाडला. उपयोग नव्हता. काका त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी दारातल्या खांबावर होते.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली.

चर खणायला काकांना एकोणीस दिवस लागले. माझा नवरा खाली मान घालून मदतीला गेला, तर त्याला फक्त दगड उचलू दिले. साठ सेंटिमीटर खोल. तळाशी चाळलेली वाळू, तिच्यावर जाड पाइप, पाइपात केबल, वर पुन्हा वाळू, मग पुढे कुणी खणलं तर कळावं म्हणून 'खाली वीज आहे' असं लिहिलेली पट्टी. चार्जरला वेगळा ब्रेकर, जरा वीज गळली की पडणारा. अर्थिंगची सळई त्यांनी स्वतः ठोकली. शेवटचा जोड मात्र परवानावाल्या माणसाकडून करून घेतला आणि तपासणीही करवली. तो माणूस म्हणाला, "काका, इतकं कुणी करत नाही." काकांनी त्याच्यापुढे बार्लीचा चहा ठेवला.

शरदात पूर्वजांच्या कबरींवरचं गवत कापायला युन्हे आली. मी भिंतीशीच होते, सगळं ऐकू येत होतं.

"किती खोल आहे?" तिनं विचारलं.

"साठ. वरून गाडीचं चाक जातं ना, म्हणून."

तिनं त्या बुजवलेल्या पट्ट्यावरून चपलेचं टोक फिरवलं. "गाडीसाठी एवढं खणलंत, अप्पा. आईसाठी तुम्हाला अर्धा दिवस मिळाला नाही."

"मिळाला असता," काका म्हणाले. "मी काढला नाही."

तिनं चार्जरची केबल उचलली. लगेच परत अडकवून टाकली. "तुम्हीच लावा. मला नाही जमत."

काकांनी लावली. हिरवा दिवा लागला. ती आत गेली नाही. गाडीतच बसून राहिली, पार ऊन उतरेपर्यंत. पण निघूनही गेली नाही.

त्यानंतर ती दर महिन्याला यायला लागली. गाडी चार्जिंगला लावायला सांगायची, गाडीतच बसायची. काका ताट काचेपाशी नेऊन द्यायचे. मी एकदा म्हटलं, "आत बोलवा की तिला."

"नको गं पोरी. बोलावलं तर निघून जाईल."

तीन हिवाळे असे गेले. चौथ्याच्या तोंडावर काकांना झोपेतच मरण आलं.

क्रियाकर्म आटोपल्यावर युन्हे सामान आवरायला आली. ओसरीवर बसून तिनं मला विचारलं, "ताई, खरं सांगा. आई गेली तेव्हा अप्पा रडले होते? मला कधी दिसलेच नाहीत."

"मलाही नाही दिसले," मी म्हटलं. मग सांगितलं, की त्या वर्षापासून गावात कुणाच्याही भिंतीवर तार दिसली, की काका सुट्टीच्या दिवशी, कामावर निघालो असं तिला सांगून, कुदळ घेऊन त्या घरी जायचे आणि ती जमिनीत घालून द्यायचे. एक पैसा घेत नसत. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "माझ्या बायकोनं सांगितलंय." आमच्या भिंतीवरची तारही त्यांनीच उतरवली होती.

युन्हेनं तोंडावर ओंजळ धरली. "कुणी सांगितलं का नाही मला?"

काकांनी ताकीद दिली होती, तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, फुशारकी वाटेल. आणि मी ती पाळली. तीन वर्षं युन्हे महिन्याच्या महिन्याला माझ्यापासून दहा पावलांवर, गाडीची काच लावून बसत होती.