कनवटीत मावेल एवढा

अख्ख्या वऱ्हाडात मोबाइलची परीक्षा धोतराने घेणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. आमचे भाऊजी म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातले गुरुजी. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, काहीही सांगा. मोर्णेच्या दोन्ही काठांवर त्यांच्या हातच्या अक्षता डोक्यावर न पडलेला माणूस शोधावा लागेल. आता पूजेला बसायचं तर सोवळं नेसायचं, सोवळ्यात शिवलेलं कापड चालत नाही, शिवलेलं नाही म्हणून खिसा नाही, आणि खिसा नाही म्हणून माणसाला लागणारी यच्चयावत वस्तू कमरेशी धोतराच्या दुमडीत, म्हणजे कनवटीला, मावलीच पाहिजे असा त्यांचा सिद्धांत. तपकिरीची डबी, घराची किल्ली, अडकित्ता, दोन-चार लवंगा, सगळा संसार तिथे. मोबाइल आला तेव्हा तोही मुकाट तिथेच गेला. "कनवटीत मावते तो फोन, नाई मावत ते पोळपाट," असं ते म्हणायचे. मी अमरावतीहून आलो आणि माझा फोन टेबलावर ठेवला की हटकून विचारायचे, "काहो मास्तर, पोळ्या लाटता का याच्यावर?"

जठारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत भाऊजी दिसले की दुकानदार आतल्या खोलीत जायचे म्हणे, आणि मला ते खरं वाटतं, कारण मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. दाखवलेला फोन त्यांनी कानाला लावला नाही की त्याची किंमत विचारली नाही. थेट कनवटीला खोचला, तिथेच दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले, वाकून नसलेल्या देवाला फूल वाहिलं, उठले, पुन्हा बसले. गिऱ्हाइकं थक्क. मी काचेतले हेडफोन बघत असल्याचं सोंग केलं. त्यातून फोन पास झालाच तर दुसरी परीक्षा अंगठ्याची. पूजेत उजव्या हातात पळी असते, मोकळा काय तो डावा अंगठा. त्या एका अंगठ्याने पडद्याचे चारी कोपरे गाठता आले पाहिजेत. म्हणजे ओठांवर पुरुषसूक्त चालू आणि अंगठ्याखाली पुढच्या यजमानाचा पत्ता. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, एवढुसे फोन आता कंपन्या काढतच नाईत. लोकायले पिच्चर पाह्याचा असते." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "पिच्चर पाह्याले टाकीज हाये ना बावा. फोन बोलाले असते." आणि आपला चुन्याच्या डबीहून जरासाच मोठा जुना फोन परत खोचून, विजयी मुद्रेने, रस्त्याला लागले. फोन मोठे होत गेले, भाऊजी हट्टाने तेवढेच राहिले.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, कारण मी अमरावतीत राहतो. ताईला त्या फोनसोबत राहायचं होतं. त्यांची एकुलती एक लेक, बेबी, जर्मनीत. तिकडेच तिला मुलगी झाली. ताईने नात पाहिली ती त्या फोनमध्येच. संध्याकाळी भाऊजी घरी आले की कनवटीतून फोन निघायचा, ताई पदराने चष्मा पुसायची आणि दोघं ओसरीवर डोक्याला डोकं लावून बसायची. पडद्यावर बेबी, तिच्या मांडीवर बाळ, म्हणजे बाळाच्या वाट्याला जागा नखाएवढी. ताईचे डोळे आधीच अधू. "अवो, दात आला का तिले? मले तं काईच दिसून नाई राहिलं," ती विचारायची. भाऊजींनाही दिसत नव्हतं, पण ते ठासून सांगायचे, "आला, आला. चांगला दाणेदार हाये." आणि तिकडून बेबी हसत म्हणायची, "बाबा, अजून नाही आला हो."

शेवटी बेबीनेच, सुट्टीवर येणाऱ्या कोण्या ओळखीच्याच्या हाती एक भलाथोरला फोन पाठवला. त्यानेच बसून जुन्या फोनमधलं सिमकार्ड नव्यात घातलं आणि जुना फोन देवघराच्या फडताळात गेला. भाऊजींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता, पण लेकीची भेट, बोलतील काय! ताईने मला फोन केला तो त्याच संध्याकाळी. तिचा आवाज असा मी तिच्या लग्नानंतर ऐकला नव्हता. "अरे, पोरीच्या गालावर खळी हाये! माह्या सासूच्या गालावर होती तशी. इतके दिवस मले कोणी सांगितलंच नाई रे." कोण सांगणार? कोणाला दिसलीच नव्हती.

आणि मग परतवाड्याचं लग्न आलं. भाऊजींनी आयुष्यभर जगाला शिकवलेला नियम त्या दिवशी स्वतः मोडला आणि ते पोळपाट कनवटीला खोचून बोहल्यापाशी उभे राहिले. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि फोन थरथरू लागला. थरथरत थरथरत तो खाली सरकला, जाताना कनवटीची गाठ घेऊन गेला, आणि धोतराने भाऊजींची साथ सोडायला सुरुवात केली. डाव्या हाताने निऱ्या गच्च धरून, उजव्या हाताने अक्षता टाकत भाऊजींनी शेवटचं मंगलाष्टक लांबवलं. गंगा, सिंधु, सरस्वती झाल्या, मग यमुना, गोदा, नर्मदा झाल्या, मग जिचं नाव कधी मंगलाष्टकात आलं नाही ती मोर्णासुद्धा आली, तरी "सावधान" काही येईना. वाजंत्रीवाले हात उचलून ताटकळले. अखेर नवरदेवाच्या मामाला उमज पडली आणि त्याने मागून येऊन आपलं उपरणं भाऊजींच्या कमरेला करकचून बांधलं. इकडे नवरीच्या मावशीने खाली पडलेला फोन उचलला. उचलताना बोट कुठे लागलं कोण जाणे, पडद्यावर बाळ आलं. भर मांडवात तिने तो भाऊजींच्या नाकासमोर धरला. "गुरुजी, पाहा बरं, कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं!"

तालुकाभर हसू झालं. भाऊजी घरी आले ते जमदग्नी होऊन. जुना फोन फडताळातून निघाला, सिमकार्ड परत त्यात गेलं, आणि ज्याच्या हाती तो फोन आला होता त्याच्याच हाती तो परत जर्मनीला गेला. ताई एकदाच बोलली. मी तिथेच होतो. म्हणाली, "राहू द्या ना घरी. माह्याजवळ राहीन तो. मी कुठी कनवटीले लावतो?" त्यावर भाऊजी म्हणाले, "दोन-दोन फोन कायले पाह्यजेत? संध्याकाळी मी येतोच ना घरी." ताई उठून आत गेली, पोहे टाकले. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मला भाऊजींचा तेव्हा राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

मग पुन्हा तेच. डोक्याला डोकं, नखाएवढं बाळ, आणि "दात आला का हो?" खरोखरचा दात आला तेव्हा बेबीने सांगितलं, ताईने पडदा डोळ्यांशी नेला, दूर नेला, आणि म्हणाली, "हो गं माय, दिसला." तो तिला दिसला नव्हता. उन्हाळ्यात बेबी बाळाला घेऊन येणार, मग हातात घेऊन पाहू, असं ती सगळ्यांना सांगायची. उन्हाळा लागायच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. बेबी आली ती तेरवीला. बाळ घरभर रांगलं. येणारी प्रत्येक बाई त्याच्या गालावरच्या खळीत बोट घालून पाहत होती, आणि भाऊजी खांबाला टेकून ते बघत बसले होते.

बेबी परत गेल्यावर भाऊजी एकटेच जठारपेठेत गेले. तो दुकानदार मला नंतर भेटला तेव्हा त्यानेच सांगितलं. भाऊजी म्हणाले, "सर्वात मोठा कोणता हाये? तो दे." त्याला वाटलं, काका मस्करी करतात. पण त्यांनी फोन कनवटीला लावून पाहिला नाही, की अंगठा फिरवला नाही. ताईची जुनी कापडी पिशवी सोबत नेली होती, तीत टाकला आणि निघाले. आता ती पिशवी त्यांच्या गळ्यात असते, पूजेलाही. शिवलेलं कापड सोवळ्यात कसं चाललं, असं एका यजमानाने विचारलं म्हणतात. भाऊजींनी संकल्प पुढे सांगितला.

मी गेलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमच्या ताईचे फोटो लहान्यातून मोठ्यात टाकून द्या बरं." फोटो ते किती! ताई कधी फोटोला उभी राहायची नाही. भाऊजींनीच त्या जुन्या फोनवर लांबून काढलेले दोन-तीन होते. त्यातल्या एकात ती ओसरीवर गहू निवडत होती. मी तो नव्या फोनवर घेतला. पडदाभर ताई आली, आणि ती ताई नव्हतीच. नाकाडोळ्यांच्या जागी चौकोन, कुंकवाच्या जागी लाल डाग. भाऊजींनी पडदा पंच्याने पुसला. मग चष्मा पुसला. मग पुन्हा पडदा पुसला. मी समजावलं की जुन्या फोनचा कॅमेरा बारका, फोटो तेवढ्याच पडद्यापुरता, मोठा केला की फाटतो. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तिनं एकदाच मागतला होता, मास्तर. आयुष्यात एकच गोष्ट मागतली, अन् मी ते परत धाडली."

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. संध्याकाळी पिशवीतून मोठा फोन निघाला. नात आता बोलते. पडदाभर तिचं तोंड, चार दात, खळी, शेंबूडसुद्धा. भाऊजी तिच्याशी खूप बोलले, मराठीत, वऱ्हाडीत, मध्येच एक श्लोक. फोन बंद झाल्यावर त्यांनी कनवटीत बोटं घातली आणि तो जुना, सिमकार्ड नसलेला, पोट फुगलेला फोन काढला. रोज चार्ज करतात तो. चार्ज राहत नाही, तरी करतात. माझ्यापुढे धरला. एवढ्याशा पडद्यावर सूप घेऊन ताई बसली होती, लख्ख. कपाळावरची बट, हातातल्या बांगड्या, सगळं होतं. मला तिचा चेहरा आणखी जवळून पाहावासा वाटला, आणि सवयीने मी पडद्यावर दोन बोटं टेकवली.

भाऊजींनी माझा हात धरला. "नका करू मोठी," ते म्हणाले. "मोठी केली की जाते ती."

मी बोटं मागे घेतली, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून, ती होती तेवढीच पाहत बसलो.