नमुन्यातलं नाव

"हे नाव काढ. जरा बरं नाव टाक."

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. स्क्रीनवर आमचं ॲप होतं. बंदरातल्या मालाची नोंद ठेवणारं. दुसऱ्या दिवशी ते ॲप स्टोअरवर चढवायचं होतं. वर्णन, आयकॉन, गोपनीयता धोरण तयार होतं. राहिले होते फक्त स्क्रीनशॉट. त्यांत दाखवायला नमुन्याची एक नोंद लागते. 'तपासणी कारकून' या रकान्यात मी लिहिलं होतं, कोंडिबा कांबळे.

माझे वडील. कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत त्यांनी हयातभर हाताने नोंदी केल्या. कुठली नोंद आधी, कुठली नंतर, हे त्यांनीच बेहालाच्या घरी मला कागदावर काढून दिलं. त्या कागदावर हे ॲप उभं आहे.

"का, सर?"

"अगं, गिऱ्हाईक बघतं ना. हवं तर माझं आडनाव टाक." हसले. "मनाला लावून घेऊ नकोस. परमुलखात आपण सगळे मराठीच."

मी नाव खोडलं. त्यांचं टाकलं. माझ्याच बोटांनी. वर 'ठीक आहे, सर' म्हणाले.

शेजारी मितालीदी बसते. बंगाली. ती हिंदीत म्हणाली, "अरे, बाबा का नाम क्यों हटाया? अच्छा तो था।"

कांबळे म्हणजे कोण, हे तिला माहीत नव्हतं. सियालदहपासून खिदिरपूरपर्यंत आमच्या एकाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. अख्ख्या ऑफिसात ते एकाच माणसाला माहीत होतं. गाव सोडताना त्याने ते सामानात जपून आणलं होतं. आणि नाव गिऱ्हाइकाचं सांगत होता.

मी बाबांचं नाव परत टाकलं. सगळे स्क्रीनशॉट नव्याने काढले. बाबा नोकरीत असताना तोंडी हुकूम घेत नसत. मीही साहेबांना मेल केला. 'नाव बदलण्याचं कारण लेखी द्यावं.'

साहेब तरातरा आले. "एवढ्याशा गोष्टीचं राजकारण करतेस?"

"एवढीशीच आहे तर लिहा, सर."

लिहिलं नाही. ॲप बाबांच्या नावासकट स्टोअरवर गेलं. पुढच्याच आठवड्यात मला त्या कामावरून काढलं. तेही तोंडी.

त्याचंही कारण मी लेखी मागितलं आहे. रोज सकाळी, कामाला बसण्याआधी, तोच मेल पुन्हा पाठवते. उद्याही पाठवणार.